घरी रेकॉर्ड केलेल्या ब्लूजमधली घूं जाते आणि परत येते? आधी हे तपासा

मागे ते स्लो ब्लूजचं कव्हर शेअर केलं ना, बी मायनरमधलं, त्यावर सोलोबद्दल फारसं कोणी बोललं नाही पण एक प्रश्न मात्र फिरून फिरून आला, की स्ट्रॅट टाइप गिटार, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप पकडणारे), तेही इंदूरच्या जुन्या घरात, मग दोन फ्रेजच्या मधल्या गॅपमध्ये ती घूं का ऐकू येत नाही, कोणता नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज आपोआप बंद करणारा) लावलाय? गेट लावलेला नाही. आणि घूं येतच नाही असंही नाही, ती येते, जाते, परत येते, एप्रिल-मेमध्ये तर हमखास, आणि दर वेळी कारण वेगळं निघतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

सेटअप आधी सांगतो, नाहीतर कोणी पुढे वाचत नाही. स्क्वायरची स्ट्रॅट, दहा गेजच्या तारा, गिटार लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटवाला छोटा यूएसबी इंटरफेस, लॅपटॉप, त्यात रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि अँपची नक्कल करणारं अँप सिम्युलेटर. कोपऱ्यात एक छोटा प्रॅक्टिस अँप आहे पण या रेकॉर्डिंगमध्ये तो नव्हता. पेडल म्हणाल तर एक ओव्हरड्राइव्ह, तोही या टेकमध्ये बंद. बस. यात महागडं काहीच नाही. हम, म्हणजे हीच घूं, हा गियरचा प्रश्न फार कमी वेळा असतो, बहुतेक वेळा तो घराच्या वायरिंगचा आणि आपण कुठे कसे बसलोय त्याचा असतो, आणि आपण मात्र पहिले पेडलच्या किमती बघायला लागतो.

नुसतं "हम येतोय" म्हणू नका, कोणता येतोय ते ऐका

हेडफोन लावा, गिटारचा व्हॉल्यूम फुल, तारांना हात न लावता नुसतं ऐका. जाड, गोल, खालचा घूं असेल तर ती आपल्या विजेची ५० हर्ट्झ आणि तिची दुप्पट १०० हर्ट्झ. खात्री करायची असेल तर सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवा आणि धरून ठेवा. तो ९८ हर्ट्झचा असतो, म्हणजे हमच्या अगदी बुडाशी, पण किंचित खाली, आणि गिटार नीट ट्यून असेल तर दोघांची टक्कर होऊन सेकंदाला दोन वेळा आवाज हेलकावतो. तो हेलकावा ऐकू आला की समजायचं, वीजच आहे, दुसरं काही नाही.

यातूनच एक गंमत, म्हणजे गंमत नाही, डोकेदुखीच. मायनर ब्लूजच्या बारा बारमध्ये (बार म्हणजे तालाचा एक तुकडा), आता बी मायनरचं घ्या, नवव्या बारला जी मेजर सेव्हन ही कॉर्ड येते आणि मग एफ शार्प सेव्हन. बाकी सगळीकडे हम मागे पडून असतो पण त्या नवव्या बारला कॉर्डचा जी आणि हमचा "जवळजवळ जी" एकमेकांना घासतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की गिटारच बेसुरी आहे. पुष्कळ लोक अशा वेळी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) सेट करायला गिटार दुकानात टाकून येतात. गिटार बिचारी बरोबर असते.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिकडचा हम १२० वर, ए शार्प आणि बी यांच्या मधोमध. म्हणून तिकडच्या कोणाचा हम काढायचा प्रीसेट उचलून लावत असाल तर आधी बघा तो ६० वर आहे की ५० वर. ६० वाला लावला तर आपला हम जिथल्या तिथे राहतो आणि गिटारचाच आवाज उगाच कापला जातो.

घूंच्या ऐवजी चरचरीत, धारदार झझझ असेल तर तो रेग्युलेटर, डिमर, स्वस्त एलईडी किंवा इन्व्हर्टरचा. बारीक चूंईं असेल आणि माउस हलवला की तिचा सूर बदलत असेल तर ती लॅपटॉपची, यूएसबीमधून आलेली. नुसतं हिस्स म्हणजे गेन, म्हणजे सिग्नल मोठा करणं, जास्त झालाय. हे चार वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी, आणि बऱ्याचदा दोन एकत्र असतात, एक काढला की दुसरा उघडा पडतो आणि माणूस म्हणतो की काही फरकच पडला नाही.

मग एकेक गोष्ट बंद करत जा

सगळ्यात आधी गिटारचा व्हॉल्यूम नॉब शून्य करा. आवाज गेला तर तो पिकअपमधून शिरत होता. आवाज तसाच राहिला तर गिटारला सोडा, भानगड केबल, इंटरफेस, लॅपटॉप किंवा विजेकडे आहे. या एका चाचणीत अर्धं काम होतं, आणि हेच कोणी करत नाही.

मग लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. चार्जर काढताच शांत झालं, तर चार्जर किंवा अर्थिंग. आपल्याकडचे बरेच चार्जर दोन पिनचे असतात, त्यांना अर्थ मिळतच नाही, आणि त्यांच्या आत जो छोटा कपॅसिटर असतो त्यातून थोडीशी वीज सतत लॅपटॉपच्या बॉडीवर येत राहते. धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकवलं की झिणझिण लागते ना, तीच. ती इंटरफेसमधून केबलच्या जाळीवर, तिथून गिटारच्या तारांवर. बॅटरीवर टेक घेणं हा फुकटचा उपाय आहे आणि मी आजही फायनल टेक बॅटरीवरच घेतो, सगळं ठीक असलं तरी.

आता खुर्चीवर बसून गिटार हातात घेऊन हळूहळू गोल फिरा. खरंच फिरा, घरचे हसतील, हसू दे. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, तो एक अँटेनाच आहे आणि त्याला दिशा असते. एका कोनात घूं फुल, तिथून साधारण काटकोनात वळलात की जवळजवळ गायब. माझ्याकडे तो कोन म्हणजे पाठ कपाटाकडे आणि गिटारचं हेडस्टॉक दाराकडे, त्यामुळे व्हिडिओत मी कायम तिरका बसलेला दिसतो, लोकांना वाटतं स्टाईल आहे. अंतराचंही तसंच. लॅपटॉपचा अडॅप्टर, अँपचा ट्रान्सफॉर्मर, स्टॅबिलायझर यांच्यापासून हातभर लांब सरकलात तरी फरक पडतो, कारण चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर भराभर कमी होतं. पुष्कळ जण इंटरफेस मांडीशी ठेवतात आणि अडॅप्टर पायाशी. मग काय होणार.

फिरल्याने फरक पडला तर हम हवेतून पिकअपमध्ये येतोय, अर्थिंगचा वायर बदलून काही मिळणार नाही. फिरून काहीच फरक नाही, तर वायरिंगच्या मागे लागा.

तारांना हात लावून बघा, हेही महत्त्वाचं. हात लावल्यावर आवाज कमी झाला तर घाबरू नका, बहुतेक सगळ्या इलेक्ट्रिक गिटार अशाच असतात. आपलं शरीर खोलीतला विजेचा कचरा गोळा करत असतं, ब्रिजला आतून अर्थची तार जोडलेली असते, तारांना हात लावला की तो कचरा तिकडे निघून जातो. फक्त फरक फारच मोठा असेल तर गिटारच्या आतलं शिल्डिंग कच्चं आहे असं समजा. पण हात लावल्यावर आवाज *वाढला*, तर काहीतरी उलटं जोडलंय, बहुतेक जॅकमधल्या दोन तारांची अदलाबदल, किंवा घराच्या अर्थिंगचीच गडबड.

पंखा, म्हणजे उन्हाळ्यातला पहिला आरोपी

संध्याकाळी हम येतो आणि सकाळी नाही, हिवाळ्यात नाही आणि उन्हाळ्यात आहे, असं सांगणाऱ्यांनी पहिले पंख्याचा रेग्युलेटर बघा. गोल फिरणारा, टप्पे नसलेला, हळूहळू स्पीड बदलणारा जो असतो त्याच्यात ट्रायॅक असतो, तो विजेची प्रत्येक लाट मधूनच कापतो, आणि ती कापाकापी झझझ होऊन खोलीभर पसरते. पंखा फुल स्पीडच्या खाली आणला की आवाज वाढतो. टप्प्याटप्प्याने खट खट फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर असतो, तो लाट कापत नाही, त्याचा त्रास नाही. इलेक्ट्रिशियनला सांगून तो बदलून घ्या, काही शे रुपयांचं काम आहे आणि कुठल्याही पेडलपेक्षा जास्त उपयोगी. तोवर पंखा फुलवर ठेवा नाहीतर बंद ठेवा, मधल्या स्पीडवर नाही. गिटार सरळ इंटरफेसमध्ये असेल तर वाऱ्याचा आवाज टेकमध्ये येण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे मे महिन्यात घामाघूम होऊन बसायची काहीच गरज नाही.

डिमरवाले दिवे, टेबलावरचे स्वस्त एलईडी दिवे, मच्छर मारायची रॅकेट चार्जिंगला लावलेली, हे सगळं याच वर्गातलं. मुख्य म्हणजे इन्व्हर्टर. लाइट गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि अचानक गिटारमध्ये भुंगा शिरला, तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हवाल्याला इतका त्रास नसतो. पण त्यासाठी कोणी इन्व्हर्टर बदलत नाही, बदलूही नये, लाइट येईपर्यंत स्केलची प्रॅक्टिस करा.

अर्थिंग, ज्याकडे कोणीच बघत नाही

इथे जरा थांबून लिहितो कारण हे नुसतं आवाजापुरतं नाहीये.

रामबाग, लोकमान्य नगर, नारायण बाग, या बाजूची जुनी घरं बघा. वायरिंग कधीकाळी दोन तारांचं झालेलं, नंतर फ्रिज आला, एसी आला, तसे तीन पिनचे सॉकेट लागत गेले. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे मागे तीन तारा आहेतच असं नाही. आमच्याकडे इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला, टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला आणि दुसरी वरच्या मोठ्या भोकात लावली, बल्ब ढिम्म. "भिया, ये ऊपर वाला छेद तो बस शोभा का है, पीछे कुछ लगा ई नी." म्हणजे इतकी वर्षं लॅपटॉप, अँप, इंटरफेस सगळं हवेत लटकत होतं. फेज आणि अर्थमध्ये बल्ब पूर्ण तेजाने पेटला पाहिजे, मिणमिणला तरी अर्थिंग कच्चं. मल्टीमीटर असेल तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसले तर चालतं, वीस-तीस दिसत असतील तर गडबड आहे. हे काम स्वतः करू नका, इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आता ते एप्रिल-मेचं. अर्थिंग आहे, गेल्या पावसाळ्यात नीट चालत होतं, हमही नव्हता, आणि उन्हाळ्यात परत सुरू. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात सुकून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतात बघितलंच असेल. अर्थिंगचा खड्डाही त्याच मातीत. माती ओली तोवर वीज जमिनीत नीट उतरते, सुकली की रोध वाढतो, आणि माती आक्रसून पाइपाला सोडून देते. वरून पाइपाला तार जोडलेला नट गंजलेला असला की झालंच, कागदावर अर्थिंग आहे पण प्रत्यक्षात नाही. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकायचं, खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात तोही ओल धरून राहावी म्हणूनच. नट काढून पॉलिश पेपरने घासून परत घट्ट करून घ्या. आमच्याकडे खड्डा तुळशी वृंदावनाच्या मागे आहे, आई रोज वृंदावनाला पाणी घालते त्यातलं थोडं तिकडे वळवलं, बस एवढंच. फ्लॅटमध्ये असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना खड्डा कुठे आहे विचारा, बऱ्याच ठिकाणी त्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेले सापडतील.

दोन गोष्टी मात्र कोणी कितीही सांगितल्या तरी करायच्या नाहीत. एक, हम जातो म्हणून प्लगची तिसरी पिन कापायची किंवा दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये अँप लावायचा. हम जातोही त्याने कधी कधी, पण मग अँपमध्ये काही शॉर्ट झालं तर ती वीज जमिनीत न जाता गिटारच्या तारांवरून तुमच्या हातात येणार. दुसरी, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकायचं. काही लोक टेस्ट लॅम्प पेटावा म्हणून हे करून देतात, आणि न्यूट्रल कुठे तुटला की घरातली प्रत्येक धातूची वस्तू जिवंत होते. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. स्टोन द क्रोज या स्कॉटिश ब्लूज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सीला स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावून गेला, आणि यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला. घरी. तेव्हा खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) लावून घ्या, तो हम काढत नाही पण तुम्हाला जिवंत ठेवतो.

याच्या उलटाही एक प्रकार असतो, अर्थिंग एकदम पक्कं आणि तरी घूं. अँप एका बोर्डवर, लॅपटॉप दुसऱ्या भिंतीवरच्या बोर्डवर, दोन्ही तीन पिनचे, आणि मध्ये ऑडिओ केबल जोडलेली. मग अर्थला जायला दोन रस्ते होतात, त्यांचा एक मोठा वेढा तयार होतो आणि त्यात हम फिरत राहतो, ग्राउंड लूप म्हणतात तो हाच. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, बऱ्याचदा तेवढ्याने जातो. नाही गेला तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (ऑडिओ केबलच्या मध्ये बसणारी छोटी पेटी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. रस्ता ऑडिओ केबलचा तोडायचा, विजेच्या अर्थचा नाही.

गिटारच्या आत

व्हॉल्यूम शून्य केल्यावर शांत होत होतं ना, तर आता स्क्रू ड्रायव्हर घ्या. पण त्याआधी केबल. ज्याला आपले दुकानदार पी-३८ जॅक म्हणतात तो गिटारमध्ये घालून केबल मुळाशी हळूच वाकवून बघा. कर्र कर्र झालं की केबल किंवा जॅकचं सोल्डर गेलंय. स्वस्त केबलमध्ये जाळी इतकी विरळ असते की ती असून नसून सारखी. महाराणी रोडवर चांगली जाळीदार माइक केबल मीटरवर मिळते, दोन धातूचे जॅक घ्या, आणि सोल्डर करता येत असेल तर घरीच बनवा, तयार ब्रँडेडच्या निम्म्यात होते. तीन मीटर पुरे. उगाच लांब घेतली तर केबलचीच कपॅसिटन्स वाढून गिटारची चमक जाते.

पुढे जॅकचा नट. हा सैल झाला की आतला सॉकेट केबलबरोबर फिरतो, तार पिळवटते आणि एक दिवस अर्थची बाजू तुटते. मग हम असा येतो की वाटतं गिटार जळाली. नट घट्ट करताना आतला सॉकेट बोटाने धरून ठेवा.

शिल्डिंग हे रविवारचं काम. तारा सैल करून पिकगार्ड उचला, खालची पोकळी पूर्ण कॉपर टेपने मढवा, पिकगार्डच्या मागची बाजूसुद्धा, दोन्ही एकमेकांना टेकतील असं बघा, आणि सगळं एका ठिकाणी अर्थला जोडा. टेप घेताना चिकट बाजूसुद्धा वीज वाहून नेणारी आहे का विचारा, नसेल तर प्रत्येक पट्टीच्या जोडावर सोल्डरचा एक टिपका द्यावा लागेल. पण आधीच सांगतो, याने झझझ कमी होतो, घूं नाही. तांब्याचा पत्रा विजेचं क्षेत्र अडवतो, ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्यातून आरपार जातं. पुष्कळ जण अख्खा रविवार घालवून मग म्हणतात की शिल्डिंगचा काही फायदा नाही, ते याचमुळे.

घूंवर गिटारमधला खरा इलाज एकच, दोन कॉइल उलट्या गुंडाळून, उलट चुंबकांवर. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हरने १९५५ च्या सुमारास हंबकर बनवला तो याच हमसाठी, जाड टोन ही वरची कमाई. बी. बी. किंगची ल्युसिल हंबकरवालीच. आणि त्याचा स्वतःचा त्रास तर वेगळाच होता, पोकळ बॉडीत फीडबॅक यायचा म्हणून तो गिटारच्या एफ होलमध्ये कापड कोंबायचा, मग पुढे त्याच्या नावाचं मॉडेल निघालं ते एफ होलशिवायच. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाचा पहिला इलाज चिंधी होता. आपण नॉइज गेटचे रिव्ह्यू बघतोय.

पण स्ट्रॅटवाल्यांनाही एक फुकटची सोय आहे. पाच टप्प्यांचा जो स्विच असतो त्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप एकत्र वाजतात, आणि मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर तिथे हम आपोआप कटतो. सगळ्या गिटारमध्ये मधला तसा नसतो, पण कळायला वेळ लागत नाही, स्विच खट खट फिरवा, दोन-चारवर घूं बुडते आणि एक-तीन-पाचवर वर येते का बघा. स्लो ब्लूजला चौथी जागा, नेक आणि मधला, तशीही सुंदर वाजते. माझं कव्हर पूर्ण तिथेच आहे. लोकांनी विचारलेल्या गेटचं उत्तर एवढंच आहे खरं तर, चौथी जागा, तिरकी खुर्ची आणि बॅटरी.

गेन

ब्लूजला वाटतो त्यापेक्षा फार कमी गेन लागतो. हळू वाजवलं की स्वच्छ आणि जोरात मारलं की जरा फाटेल, तिथे थांबा. तुम्ही २० डीबी गेन वाढवला की हमही २० डीबी वाढतो, आणि डिस्टॉर्शन वरून सगळं दाबून सपाट करतं, त्यामुळे मोठ्या सुराला फार काही होत नाही पण मधली शांतता वर उचलली जाते. इंटरफेसवर इन्स्ट (इन्स्ट्रुमेंट, म्हणजे गिटारसाठीचं) बटण दाबलेलं आहे ना बघा, ते नसेल तर गिटार मेलेली वाटते आणि माणूस भरपाई म्हणून गेन चढवत जातो. सगळ्यात जोरात मारलेला सूर उणे १२ डीबीच्या आसपास राहू द्या, २४ बिटमध्ये तेवढं भरपूर आहे, मीटर लाल व्हायची वाट बघू नका.

रेकॉर्ड झाल्यावर

रेकॉर्ड दाबल्यावर लगेच वाजवू नका, व्हॉल्यूम चढवलेला ठेवून, तारांवर हात ठेवून पाच सेकंद गप्प बसा. तो नुसत्या हमचा नमुना फार कामाचा. रीपरमध्ये रीएफआयआर हे प्लगइन सबट्रॅक्ट मोडवर ठेवून त्याला तो नमुना ऐकवा, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शनने हेच होतं आणि ते फुकट आहे. मात्र जास्त घासलं की गिटार पाण्याखालून वाजल्यासारखी होते, तेव्हा आवाज बदलायला लागला की एक पाऊल मागे या. हे सिम्युलेटरच्या आधी करा, नंतर नाही. सोबत ७५ हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा, सगळ्यात खालची मोकळी ई तार ८२ वर आहे, तिला धक्का न लागता ५० वाला बराच कमी होतो. १०० आणि १५० साठी अगदी अरुंद खाच मारा. रुंद मारलीत तर सहाव्या तारेचा जी मरतो, आणि नववा बार परत बोंबलतो.

गेट मला ब्लूजमध्ये आवडत नाही. मेटलमध्ये ठीक आहे, तिथे थांबणं म्हणजे एकदम थांबणं. इथे एक सूर वाकवायचा, हलवायचा, आणि तो मरेपर्यंत ऐकायचा असतो, त्याची शेपटी गेटने कापली की वाजवणारा घाईत असल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा थोडी हिस्स राहू दे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ती भरपूर आहे आणि कोणाचं काही बिघडलेलं नाही.

लॅपटॉपची चूंईं असेल तर दुसरा यूएसबी पोर्ट, मग बॅटरी, मग स्वतःचा पॉवर असलेला हब, या क्रमाने. एक्सटर्नल हार्ड डिस्क शेजारच्या पोर्टमधून काढा. मोबाइल मांडीवरून उचला, तोही टिर्र टिर्र करतो.

पैसे घालायचेच असतील तर

केबल, रेग्युलेटर, अर्थिंग, कॉपर टेप, याच क्रमाने. एवढं करून सिंगल कॉइलचाच आवाज हवा आणि घूं अजिबात नको असं असेल तर एकावर एक कॉइल रचलेले नॉइजलेस पिकअप येतात, ते घ्या, पण टोन जरा बदलतो, आधी कोणाच्या गिटारवर ऐकून मग. पॉवर कंडिशनर नावाची जी महाग पेटी विकतात ती पिकअपमध्ये हवेतून येणारा हम काढू शकत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

मदत हवी असेल तर नुसतं "हम येतोय, काय करू" असं पाठवू नका. दहा सेकंदांची क्लिप, कच्ची, सिम्युलेटर बंद करून, आणि चार ओळी: व्हॉल्यूम शून्य केल्यावर काय होतं, बॅटरीवर काय होतं, फिरल्यावर काय होतं, तारांना हात लावल्यावर काय होतं. त्यावरून बहुतेक वेळा लगेच सांगता येतं.

एक आवाज मात्र अजून सुटलेला नाही. नळाला नर्मदेचं पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज झोल खातं, आणि प्रत्येक मोटार चालू-बंद होताना टेकमध्ये टक्क येतो. फेराइटचे मणी लावून बघितले, बॅटरीवर थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही. तेव्हा नळाच्या वेळेला रेकॉर्डिंग ठेवू नका. तसंही त्या वेळी घरात गिटार घेऊन कोणी बसू देत नाही, पाइप धरायला बोलावणं येतंच.